गांठ, सुई आणि कागद

गेल्या चैत्रांत आमच्या वालीवच्या घरीं हळदीकुंकू झालें. बायका पांगल्यावर वहिनींनीं आमच्या सौभाग्यवतीस माजघरांत बोलावून हलक्या आवाजांत सांगितलें, कीं डाव्या स्तनांत एक गांठ लागते. दुखत नव्हती, म्हणून दिवाळीपासून त्यांनीं ती कोणास सांगितली नव्हती. डॉक्टरांनीं सुईनें तुकडा काढावयास सांगितलें, तेव्हां ‘सुई लागली म्हणजे रोग अंगभर पसरतो’ असें आम्हींच अधिकारवाणीनें बजाविलें. घरांत आमचा शब्द प्रमाण! तीन आठवडे त्यांत गेले. पस्तीस वर्षें मुलांस ‘आधीं वाचा, मग बोला’ असें शिकविणाऱ्या मास्तरानें न वाचतां बोलावें, यापरतें लाजिरवाणें काय? त्या चुकीचें प्रायश्चित्त म्हणून हा महिन्याचा लेख.

स्तनांतील बहुतेक गांठी कर्करोगाच्या नसतात. परंतु हातीं लागलेली गांठ कोणती, हें केवळ बोटांनीं ठरत नाहीं. आणि न दुखणें ही निर्दोषपणाची खूण नव्हे. म्हणून परीक्षा तीन अंगांची असते. डॉक्टरांनीं हातानें तपासणें, हें पहिलें अंग. क्ष-किरणांची मॅमोग्राफी व ध्वनिलहरींची सोनोग्राफी, हें दुसरें. तरुण स्त्रियांचे स्तन दाट असल्यामुळें त्यांच्या बाबतींत सोनोग्राफी अधिक उपयोगी पडते. तिसरें अंग बायोप्सी : जागा बधिर करून पोकळ सुईनें गांठीचे बारीक तुकडे घ्यावयाचे व सूक्ष्मदर्शकाखालीं पहावयाचे. खरा निर्णय येथें होतो. या सुईनें रोग अंगभर पसरतो, या समजुतीस आधार नाहीं.

‘कर्क’ म्हणजे खेकडा. ग्रीक वैद्यांनींही या रोगास खेकड्याचेंच नांव दिलें होतें. नांव एक, पण रोग एक नव्हे. बहुतेक वेळां तो दूध वाहून नेणाऱ्या नलिकांत उपजतो. तो नलिकेच्या आंतच असेल तर गोष्ट निराळी. भिंत ओलांडून बाहेर आला असेल तर निराळी. कांहीं वेळां तो दूध तयार करणाऱ्या पिंडिकांत उपजतो. तेथें स्पष्ट गांठ न लागतां नुसता जाडसरपणा जाणवतो. क्वचित् गांठ नसतांच स्तन लाल होऊन सुजतो, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसते, आणि घरचीं माणसें गळूं समजून पोटीस बांधीत बसतात.

दुसरी वर्गवारी पेशींच्या स्वभावाची. बायोप्सीच्या तुकड्यावर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन व हर-२ या तिहींची परीक्षा करितात. पहिल्या दोहोंपैकीं एक असल्यास पुढें कित्येक वर्षें गोळ्या घ्याव्या लागतात. हर-२ अधिक असल्यास त्यावर नेमकें औषध आहे. तिन्ही नसल्यास मुख्य भिस्त केमोथेरपीवर. म्हणजे ज्या सुईस आम्ही भ्यालों, तिच्यावांचून उपचारच ठरत नाहीं.

परळचें टाटा रुग्णालय १९४१ सालापासून या रोगाशीं झुंजत आहे. तेथील डॉक्टरांनीं १९९८ मध्यें मुंबईच्या वस्त्यांतील ३५ ते ६४ वर्षांच्या दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. त्यांतील निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनीं नुसत्या हातांनीं तपासीत. २०२१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला : पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यु जवळजवळ ३० टक्क्यांनीं घटले, त्याहून लहान वयांत तसा लाभ आढळला नाहीं. वसई रोडला लोकल धरली कीं दादर येतें; परळ कांहीं काशी नव्हे.

घरच्या पुरुषांस आमची विनंती, कीं तपासणीचा कागद कपाटांत न टाकतां डॉक्टरांस तीन प्रश्न विचारावे : रोग नलिकेबाहेर गेला आहे काय? त्या तीन परीक्षांचें उत्तर काय? आणि त्यावरून उपचार कसा ठरविला? हें बोलणें रोगिणीच्या समक्ष व्हावें. देह तिचा आहे.

वहिनींचा रोग नलिकेचा, इस्ट्रोजेनास प्रतिसाद देणारा निघाला. शस्त्रक्रिया झाली, आतां रोज एक गोळी चालू आहे. परवां त्यांनीं आमच्या सौभाग्यवतीस ओटीवरूनच हांक मारून विचारलें, “अगं, तूं तपासून घेतलेंस का?” आम्ही तेथेंच वर्तमानपत्र वाचीत होतों. या खेपेस गप्प राहिलों.