ताशपत्ते, जुगार आणि ब्रिजची बोली

ताशपत्ते दिसले की आपल्या मोहल्ल्यात चर्चा संपते. बुजुर्ग 'लाहौल' म्हणून तोंड फिरवतात, पोरं जोड उशीखाली सरकवतात, आणि विषय बंद. पत्ते म्हणजे जुगार, जुगार म्हणजे हराम. मध्ये विचाराला जागाच नाही. सुट्टीत नववी-दहावीच्या मुलांना ब्रिज शिकवावा असं मी सुचवलं तेव्हा मलाही हेच उत्तर मिळालं. उत्तर देणारी माणसं भली आहेत, त्यांची काळजीही खरी आहे. पण त्यांचा नेम चुकतो आहे. ज्या पोरांना वाचवायचं, ती मोबाइलवर रमी आणि 'टीम लावणे' शिकून कधीच पुढे गेली, आणि आपण अजून बावन्न पानांच्या जोडावरच पहारा देत बसलो आहोत.

आधी शब्दापासून सुरुवात करू. कुरआनने ज्याला मनाई केली तो 'मैसिर'. इस्लामपूर्व अरबस्तानात उंट कापून त्याच्या मांसाचे वाटे बाणांच्या चिठ्ठ्यांवर लावत. ज्याचा बाण निघाला त्याला फुकट मांस, ज्याचा नाही त्याच्या माथी उंटाची किंमत. सूरह माइदामध्ये मनाईची कारणंही दिली आहेत: आपसात वैर माजतं, आणि माणूस नमाज व अल्लाहचं स्मरण विसरतो. म्हणजे दोष आहे तो पणाचा, फुकटच्या कमाईचा आणि त्यातून येणाऱ्या वैराचा. बाणाच्या लाकडाला कुणी हराम म्हटलं नाही. तोच बाण शिकारीला चालत होता.

मग ब्रिजमध्ये नेमकं काय होतं? चार जण, दोन जोड्या, समोरासमोर बसलेले भिडू. प्रत्येकाला तेरा पानं. खेळ सुरू व्हायच्या आधी बोली लागते. एकूण तेरा हातांपैकी आमची जोडी किती हात करील आणि हुकूम कोणता, हे आधी जाहीर करायचं. खरा ब्रिज तो इथेच. पानं टाकणं नंतरचं.

या बोलीचा हिशेब बघा. इस्पिक हुकूम करून ८ हात बोललात आणि १० केलेत, तर साध्या अवस्थेत १७० गुण. तेच १० बोलून १० केलेत तर ४२०. आणि १० बोलून ९च झाले तर उणे ५०. भित्र्यालाही मार, लोभ्यालाही मार. जो आपल्याजवळ आहे तेवढंच, ना कमी ना जास्त, बोलून दाखवतो, तोच टिकतो. तीन पत्तीच्या फडावर याच्या अगदी उलट चालतं. तिथे हातात काही नसताना नोटा वाढवत नेऊन समोरच्याला पळवून लावणं हीच हुशारी.

आता मोल करण्याविषयी, कारण लोक नेमकं तेच समजून घेत नाहीत. नवशिक्याला पहिला धडा मिळतो तो गुण मोजण्याचा: एक्का ४, बादशहा ३, राणी २, गुलाम १. चार रंगांचे मिळून ४०. अमेरिकेत मिल्टन वर्कने ही मोजणी लोकप्रिय केली, आणि पुढे चार्ल्स गोरेनने तिच्यात रंगांच्या लांबी-तुटीचा हिशेब घालून ती घरोघरी नेली. ढोबळ नियम असा की दोघा भिडूंचे मिळून २५-२६ गुण असतील तर इस्पिक किंवा बदाम हुकूम करून १० हात निघतात.

नियम चांगला आहे, पण तो काठीसारखा आहे. चालता यायला लागल्यावर हातात ठेवायची, तिच्यावर भार टाकायचा नाही.

समजा, भिडूने इस्पिकची बोली उघडली. त्याच्याकडे इस्पिकचे एक्का-राणीसह पाच, बदामाच्या एक्क्यासह तीन, चौकटचा बादशहा आणि एक लहान, किलवरची तीन लहान पानं. एकूण १३ गुण. आता तुमच्याकडे दोन वेगवेगळे डाव आले असं धरा.

पहिल्यात ९ गुण आहेत: इस्पिकचा गुलाम आणि एक लहान, बदामाची राणी-गुलाम आणि एक लहान, चौकटची राणी-गुलाम आणि दोन लहान, किलवरची राणी आणि तीन पानं. चारही रंगांत चित्रं. नवशिका खूश होतो.

दुसऱ्यात ७च गुण: इस्पिकच्या बादशहासह पाच, बदामाचं एकच लहान पान, चौकटच्या एक्क्यासह पाच, किलवरची दोन लहान.

पहिल्या डावात दोघांचे मिळून २२ गुण, तरी सात-आठ हातांवर धाप लागते. चौकटचा एक्का समोर, किलवरचे एक्का-बादशहा समोर, इस्पिकचा बादशहाही समोर. दुसऱ्यात मिळून २०च गुण, म्हणजे बरोबर निम्मे. पण हुकमाची दहा पानं आपल्याकडे. बदामाचा एक्का झाला की उरलेली दोन बदामं हुकमाने कापायची, किलवरचे दोन हात गेले की तिसराही कापायचा. १० हात पक्के, आणि समोरच्यांची हुकमाची तीन पानं एकाच हातात नसतील तर ११. नऊ गुणांपेक्षा सात गुण मोठे ठरले, कारण ते भिडूच्या पानांत बसले. सुट्ट्या राण्या-गुलामांची संख्या वाढवून घर बांधलं जात नाही.

आणखी एक पायरी. तुमच्याकडे बदामाचा बादशहा आहे, एक्का नाही. तुमच्या आधी ज्याची पाळी येते त्याने बदामाची बोली लावली. एक्का बहुधा त्याच्याकडे, आणि त्याला तुमच्या आधी पान टाकावं लागतं. तुमचा बादशहा सुरक्षित, त्याचं मोल वाढलं. हीच बोली तुमच्या नंतर खेळणाऱ्याने लावली असती, तर तोच बादशहा त्याच्या एक्क्याच्या तावडीत सापडला असता. पान तेच, गुण तेच तीन, मोल मात्र पालटलं. म्हणून ब्रिज खेळणारा एकदाच पानं मोजून थांबत नाही. प्रत्येक बोली ऐकून तो आपल्या हातातल्याचं मोल पुन्हा करतो, आणि गरज पडली तर हातात चित्रं असूनही 'पास' म्हणतो.

जुगाऱ्याला नेमकं हेच जमत नाही. त्याला राणी दिसते, त्या राणीला खाणारा बादशहा कुठे आहे हे दिसत नाही. 'इतके गेले, आता एक डाव तर येईलच' या हिशेबावर तो घर गहाण टाकतो. त्याची चूक नीतीची आहेच, पण त्याच्याही आधी ती मोल करण्याची आहे. ज्या मुलाला पंधराव्या वर्षी 'माझ्या हातातलं खरं किती, आणि मला वाटतं किती' हा फरक करता आला, त्याला पुढे ॲपवरच्या बक्षिसाचा आकडा दाखवून फसवणं सोपं राहणार नाही. मनाईच्या फलकाने हे होत नाही, ते शिकवावं लागतं.

ब्रिजच्या बोलीत एकूण ३८च उच्चार आहेत: एक ते सात आणि चार रंग व बिनहुकूम मिळून ३५, शिवाय पास, डबल, रिडबल. यापलीकडे भिडूला काही सांगायचं नाही. डोळा मारणं, खाकरणं, पान उचलताना रेंगाळणं, यातून इशारा करणं नियमाविरुद्ध. आणि तुम्ही दोघांनी बोलीचा काही खास अर्थ ठरवला असेल, तर तो समोरच्यांनी विचारल्यावर त्यांना उघड सांगावा लागतो. संगनमत चालत नाही. आपल्याकडच्या किती व्यवहारांत ही अट पाळली जाते?

'पण पानं तर नशिबानेच येतात ना?' येतात. म्हणूनच स्पर्धेत तीच वाटलेली पानं जशीच्या तशी पुढच्या टेबलावर पाठवतात. सगळ्या जोड्या तेच डाव खेळतात, आणि त्याच पानांवर कुणी किती मिळवलं याची तुलना होते. चांगली पानं आली म्हणून कुणी जिंकत नाही. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदा आला, तेव्हा प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या बंगाली जोडीने भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. एक साठ वर्षांचे, दुसरे छप्पन्न. २०२३मध्ये हांगझोऊला पुरुष संघाने रौप्य मिळवलं, त्यात मुंबईचे जग्गी शिवदासानी होते. तिरंगा वर गेला तेव्हा कुणी 'जुगारी' म्हटलं नाही.

कायद्याचं म्हणाल तर ही गोष्ट आपल्या घरची आहे. सिकंदराबादच्या एका क्लबवर पोलिसांचा छापा पडला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६७मध्ये निकाल लिहिला तो न्या. मोहम्मद हिदायतुल्ला यांनी. हेच पुढे देशाचे पहिले मुस्लिम सरन्यायाधीश झाले. त्यांची वकिली नागपूरची. १९५४मध्ये ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले, तेव्हा आपला बुलडाणा जिल्हा त्याच कोर्टाच्या हद्दीत होता. त्यांनी सांगितलं की तीन पत्ती हा निव्वळ नशिबाचा खेळ आहे. रमीत मात्र कसबाचा भाग मोठा आहे, आणि त्यातलं नशीब ब्रिजच्या वाटपात असतं तेवढंच. ब्रिज हा त्यांनी मापदंड म्हणून वापरला.

पुढे रमीच्या कंपन्यांनी हा निकाल ढाल म्हणून वापरला. 'कसबाचा खेळ' म्हणत त्यांनी पोरांच्या खिशात हात घातला. पण त्याच निकालात हिदायतुल्लांनी हेही बजावलं होतं की, पण लावून चाललेल्या खेळातून जागेचा मालक नफा कमावत असेल, तर तो गुन्हा ठरू शकतो. ते वाक्य जाहिरातीत आलं नाही. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, मग ते कसबाचे असोत की नशिबाचे. कंपन्या कोर्टात गेल्या. पण आपल्या दृष्टीने मुद्दा साधा आहे: सरकारने पानं बंद केली नाहीत, पण बंद केला. हा फरक आपल्या मोहल्ल्याला सगळ्यांच्या आधी समजायला हवा होता.

राहिले आक्षेप. 'हे फिरंगी खूळ आहे.' इस्तंबूलच्या तोपकापी महालात मामलुक काळातला पत्त्यांचा जोड आहे: चार रंग, प्रत्येकी तेरा पानं, राजाखाली नायब. युरोपात पत्ते पोचले ते मुस्लिम जगातून, आणि ज्याला मराठी माणूस 'हुकूम' म्हणतो तो शब्द अरबी आहे. 'वेळ वाया जातो.' जातो, म्हणून वेळ ठरवून खेळा, अजान झाली की पानं खाली ठेवा. 'उलेमांचं मत?' बुद्धिबळावरही मतभेद झाले. हनफी फुकहांनी ते नापसंत केलं, इमाम शाफईंनी पण नसेल तर हराम म्हटलं नाही. ज्यांना पत्तेही नापसंत आहेत त्यांचा मी आदर करतो. पण बुद्धिबळात जिंकलेल्या मुलाला स्टेजवर हार घालायचा आणि पत्त्याचं नाव काढलं की कानांवर हात ठेवायचे, हा मसला नाही, सवय आहे.

'आज बिनपैशाचं खेळतील, उद्या पैसे लावतील.' हा एकच आक्षेप मला जड वाटतो. क्लबांत पैसे लावून ब्रिज खेळणारेही आहेत, आणि त्यांचं तसं खेळणं जुगारच आहे, मग कसब कितीही असो. म्हणूनच शिकवणारा मोठा माणूस शेजारी हवा. कोपऱ्यात, चोरून, मोठ्या पोरांकडून शिकलेला पत्ता पैशाकडेच जातो. उजेडात, उस्तादासमोर, वहीत गुण लिहून शिकलेला पत्ता तिकडे जाण्याची शक्यता कमी.

खर्चही फार नाही. चार मुलं, शंभरेक रुपयांचा जोड, एक वही. मुलींनाही बसवा. नियम एकच: टेबलावर चहाची पैजसुद्धा लागणार नाही. जे नाही म्हणतात त्यांनी एक दुपार मुलांच्या मागे उभं राहून बोली ऐकावी, आणि मग सांगावं की तिथे जुगार कुठे दिसला.