काळी आई आणि काळी लेक

काळ्या मातीस आपण आई म्हणतों. मग सून पाहतांना आधीं रंग कां विचारतों? सांवळ्या पोरीस 'काळी' म्हणून चिडवितात व ती मागल्या रांगेंत जाऊन बसते, हें आम्ही शाळेंत रोज पाहतों.

हबशी मलिक अंबर गुलाम म्हणून विकला गेला; तोच पुढें निजामशाहीचा वजीर झाला. जमिनीचा कस पाहून त्यानें सारा ठरविला, खडकी शहरास नहरानें पाणी आणलें.

जोतीराव फुल्यांनीं सन १८७३ त 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेंतील काळ्या गुलामांस मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केला. परक्यांचें दुःख त्यांनीं आपलें मानलें. सन १९३६-३७ च्या हिवाळ्यांत काळे विद्वान बेंजामिन मेज गांधीजींस भेटावयास वर्ध्यास आले. त्यांचे आईबाप गुलामींत जन्मले होते. मेज यांचे विद्यार्थी मार्टिन ल्यूथर किंग यांनीं समतेचा लढा पुढें नेला.

जातीचा उंचनीचपणा मोडावा म्हणणारांनीं रंगाचा उंचनीचपणा घरांत पोसूं नये. येत्या लग्नसराईंत रंग न विचारतां सोयरीक जमवा. समतेचा आरंभ आपल्याच ओसरीवरून होऊं द्या.