कापणीच्या दिवसांतला लाल डोळा

पाऊस ओसरला, कर्जत-खालापूरच्या खाचरांत विळे चालू लागले, की डोळ्यांसाठी वर्षातला सर्वांत वाईट काळ सुरू होतो. झोडणीत भाताचे कुसळ उडते, पेंढ्याची काडी लागते. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे पारपटलाला, ओरखडा पडतो आणि काडीवरची फ्युजेरियम किंवा अ‍ॅस्परजिलस ही बुरशी आत शिरते. जिवाणूंचा संसर्ग एक-दोन दिवसांत भडकतो. बुरशी सावकाश वाढते. डोळा ठणकू लागेपर्यंत काडी लागल्याचे विसरलेलेही असते.

त्यात पावसाळ्याची सवय आड येते. जुलै 2023 मध्ये राज्यभर डोळ्यांची साथ आली. ती विषाणूची होती, बहुतेकांचे डोळे आपोआप बरे झाले. श्रेय मात्र मेडिकलमधून आणलेल्या थेंबांना गेले. अशा थेंबांत अनेकदा स्टेरॉइड असते. त्याने लाली उतरते, बुरशीला मात्र रान मोकळे मिळते. ऑक्टोबरात तीच बाटली पुन्हा डोळ्यात पडते, हा खरा धोका.

फरक ओळखणे फार अवघड नाही. साथीत बहुधा दोन्ही डोळे येतात, चिकटतात. नजर फारशी बिघडत नाही. व्रण सहसा एकाच डोळ्यात, ठणका जास्त, उजेड सोसत नाही, अंधुक दिसते, बुबुळावर पांढुरका ठिपका येतो. अशा वेळी व्रणाचा खरवडलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला हवा. बुरशी निघाली तर नॅटामायसिनचे थेंब सुरुवातीला दर तासाला, पुढे काही आठवडे घालावे लागतात. उशीर झाला तर फूल पडते, कधी डोळाच जातो. देशात पन्नाशीखालच्या अंधत्वाचे प्रमुख कारण पारपटलाचे विकार हेच आहे.

पण कापणी टाकून दवाखाना कोण गाठणार? अलिबागचे जिल्हा रुग्णालय लांब. मुंबईला लोकलने जाण्यातच दोन तास मोडतात. म्हणून नेपाळमधल्या भक्तपूरचा प्रयोग इथे महत्त्वाचा. तिथे गावातल्या आरोग्यसेवकांनी डोळ्याला ओरखडा पडलेल्यांना तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम दिले. अठरा तासांच्या आत मलम सुरू झालेल्या एकालाही व्रण झाला नाही. हे मलम स्वस्त आहे आणि आशाताई गावोगावी आहेत. सुगीपुरते प्रशिक्षण आणि मलमाच्या नळ्या त्यांच्या हाती देणे आरोग्य विभागाला जड नाही. मात्र ते दिवाळीआधी व्हायला हवे. नंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात.