खेळायला होकार होता, दाखवायला नव्हता



या वेळचे संपादकीय एका चुकीच्या कबुलीने सुरू करते आहे. चूक माझीच आहे.

श्रावणात आमच्या गटाने एका सभागृहात मंगळागौरीचे खेळ ठेवले होते. पूजा नाही, नुसतेच खेळ. विधवा, परित्यक्ता, अविवाहित, सगळ्याजणी आल्या होत्या. पदर खोचून झिम्मा, फुगडी, पिंगा रंगला. मला इतका आनंद झाला की मी मोबाइल काढून चित्रण केले आणि रात्री ते गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकले. तिथून ते कोणाच्या बहिणीकडे, बहिणीकडून आणखी कोणाकडे गेले. चौथ्या दिवशी आमच्यातल्या एकीच्या सासरी पोचले. मारहाणीला कंटाळून ती घर सोडून आली होती, पत्ता कोणाला दिला नव्हता. चित्रणात मागच्या भिंतीवर सभागृहाचे नाव स्वच्छ दिसत होते. पुढच्या बैठकीला तिचा नवरा दाराशी उभा! आम्ही बऱ्याचजणी होतो म्हणून निभावले. पण तिला खोली बदलावी लागली. आता ती खेळायला येत नाही.

"तेव्हाच नको का म्हणाली नाहीस?" असे एकीने तिला विचारले. ती म्हणाली, "ताई, मला कुणी विचारलं होतं?"

संमतीचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. १९७८ साली मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन पोलिसांना निर्दोष सोडले. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा अर्थ लावला गेला. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून संमती आणि शरणागती यांतला फरक मांडला, आणि त्यातून देशभर आंदोलन उभे राहिले. बलात्काराची आणि मोबाइलवरच्या चित्रणाची तुलना मला करायची नाही. पण गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे, हे ज्या चळवळीने न्यायालयाला सुनावले, तिनेच स्वतःच्या बैठकीत ते विसरावे?

२०१३ साली बाईच्या खाजगी क्षणांचे चोरून चित्रण करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. चित्रणाला संमती असली, पण ते इतरांना दाखवायला नसली, तर ते पसरवणे हाही गुन्हाच, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पण खाजगी म्हणजे तिथे उघडे अंग, शौच, शरीरसंबंध. फुगडी त्यात बसत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. पण आपल्या बैठकीत तो हक्क पाळायला न्यायालय येणार नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.

काहीजणी म्हणतील, जे खाजगी तेच राजकीय असे आपणच म्हणतो, मग लपवायचे कशाला? मोर्चात तर आपण दिसायलाच उतरतो. खरे आहे. पण आपली गोष्ट आपण सांगणे वेगळे आणि दुसरीने न विचारता ती दाखवणे वेगळे. मंगळागौरीच्या रात्री पुरुष आसपास नसत, म्हणून बायका मोकळ्या होत. बाहेरची ती नजर आता आपल्याच हातातून आत येते आहे.

आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. सहल असो, शिबिर असो की खेळ, चित्रण करायचे तर आधी सांगायचे आणि ते एकीनेच करायचे. सगळ्यांसमोर नाही म्हणणे अवघड जाते, म्हणून प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारायचे. नाही म्हणणारीला कारण विचारायचे नाही, तिला खेळातून वगळायचेही नाही. चित्रण बाहेर पाठवण्यापूर्वी पुन्हा विचारायचे. अहवालासाठी फोटो हवे असले, तरी हाच नियम. नंतर कोणाचे मन बदलले, तर पुसून टाकायचे. बाहेर गेलेले परत आणता येत नाही, हे मात्र आधीच सांगायचे.

त्या मैत्रिणीची मी माफी मागितली. तिने ती दिलीही. पण तिचे खेळणे मला परत देता आलेले नाही.

तुमच्या गटात याबद्दल बोला. काय ठरले, कुठे वाद झाला, ते आम्हाला जरूर कळवा.