साखळीने बुडवलेली होडी

गेल्या महिन्यात एका निवृत्त कर्नलसाहेबांचा फोन आला. कोकणात खाडीकाठी घर बांधलंय, नातवंडांसाठी शिडाची छोटी डिंगी घेतलीय. पहिल्याच हंगामात तिचं सुकाणू चोरीला गेलं आणि शिडावर कुणीतरी ब्लेड मारलं. "तू हावड्याला नदीवर होडी ठेवतोस ना? मग सांग, काटेरी तार लावू, कॅमेरा लावू, की राखणदार ठेवू?" मी म्हटलं, सर, मी यातलं काहीच न करता साखळी लावली आणि स्वतःची होडी स्वतःच बुडवली. ते खूप हसले. पण फोनवर सगळं सांगून झालं नाही, म्हणून इथे लिहितो.

आपल्यासारख्यांना होडी सांभाळायची सवय नसते, हे आधी मान्य करू. खडकवासल्याला पीकॉक बेवर आपण एंटरप्राइझ चालवायला शिकलो. रविवारी दोन तास वारा खाल्ला, होडी जागेवर लावली आणि मेसकडे पळालो. ती रात्री कुठे असते, कोण बघतं, हे कधी डोक्यात आलं नाही. एखादं शॅकल हरवलं तर रगडा मिळायचा, तेवढाच संबंध. राखण करणं हे भिंतीचं आणि संत्र्याचं काम, अशीच समजूत घेऊन आपण बाहेर पडलो.

इथे आल्यावर मी एक जुनी एंटरप्राइझ घेतली. तेरा फुटांची, रिकामी सुमारे ९० किलोची. हावड्याच्या बाजूच्या एका घाटावर ठेवली. पंधरा दिवसांत शॅकल गेली, मग डोलकाठी ताणून धरणारे स्क्रू गेले, मग ॲल्युमिनियमचा बूम गेला. शिडाला कुणी हात लावला नाही. हावडा हे ओतकामाचं आणि लेथचं गाव, गल्लोगल्ली भंगाराची गोदामं. इथे चोराला होडी दिसत नाही, धातू दिसतो, किलोचा भाव दिसतो. हे आधी कळलं असतं तर धातूच तिथे ठेवला नसता. पण मी फौजी. चांगली जाड साखळी आणली, घाटाच्या लोखंडी कडीला होडी करकचून बांधली, कुलूप घातलं आणि समाधानाने झोपलो.

त्या रात्री अमावस्या होती. हुगळीचं पाणी भरती-ओहोटीला काही मीटर चढतं-उतरतं, उधाणाला तर जास्तच. पाणी चढलं, होडीला वर यायचं होतं, साखळीने येऊ दिलं नाही. सकाळी गेलो तेव्हा ओहोटी लागली होती आणि होडी पायऱ्यांवर वाकडी पडलेली, आत गाळ, सेंटरबोर्डची पेटी फाटलेली. चोरांनी तीन खेपांत केलं नव्हतं तेवढं नुकसान माझ्या कुलपाने एका रात्रीत केलं.

शेजारी होड्या लावणारे माझी चार-पाच होते. माझी म्हणजे नावाडी. मराठी कानाला हा शब्द गमतीचा लागतो, सगळ्यांच्याच होड्या 'माझी'च्या. त्यांच्या एकाही होडीला साखळी नव्हती. मी साखळी बांधत असताना त्यांनी पाहिलं होतं, पण कुणी बोललं नाही. तेव्हा मला राग आला होता. पुढे वाटलं, यात त्यांचं काय चुकलं? वर्दीतला माणूस होडीजवळ येऊन काही करतो, तेव्हा गप्प राहावं, हे या प्रांताने चांगलं अनुभवलंय. १९४२ मध्ये जपानी येतील या भीतीने ब्रिटिश सरकारने बंगालच्या किनारपट्टीतल्या, दहा किंवा जास्त माणसं नेऊ शकणाऱ्या होड्या जप्त केल्या, बुडवल्या, फोडल्या. हजारो होड्या गेल्या. मासेमारी आणि धान्याची ने-आण बसली आणि पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. होड्यांची एवढी मोठी नासधूस कुठल्या चोराने केली नाही, ती सरकारी हुकमाने झाली. त्यात मी मराठी. इथे अजूनही लहान मुलांना झोपवताना बर्गीची भीती घालतात आणि ते बर्गी म्हणजे आपलेच नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार. नदीपलीकडच्या फोर्ट विल्यमला आता विजय दुर्ग म्हणतात, तुमच्या कोकणातल्या किल्ल्यावरून, पण त्याने घाटावरची ओळख वाढत नाही, सर!

नासधूस ही मात्र वेगळीच गोष्ट, तिला चोरीत मिसळू नका. हावडा ब्रिजचं उदाहरण घ्या. साडेसव्वीस हजार टन पोलाद, १९४३ मध्ये वाहतूक सुरू झाली आणि त्याच्या लोंबत्या आधारांच्या बुडाशी असलेली पोलादी आवरणं पानाच्या पिचकाऱ्यांनी खंगली. सहा मिलिमीटरची जाडी काही वर्षांत निम्म्यावर आली आणि शेवटी फायबरग्लासची झाकणं घालावी लागली. थुंकणाऱ्यांत पुलाचा शत्रू कुणीच नव्हता. तो पूल 'आपला' आहे असं मात्र त्यातल्या एकालाही वाटलं नसावं. माझ्या होडीवरही पिचकाऱ्या होत्या. उघडी होडी म्हणजे पिकदाणी, कचरापेटी, पावसाळ्यात डासांचं टाकं.

आता मी काय करतो ते सांगतो. होडी उधाणाच्या रेषेच्या वर ओढून पालथी घालतो. दोघांना जमतं. पालथ्या होडीत पाणी साठत नाही, कुणी थुंकत नाही, आणि संध्याकाळी तिच्यावर लोक पत्ते खेळायला बसतात. बसू देतो. ज्या होडीवर चौघे बसलेत ती कोण चोरणार? शिडं आणि बूम घरी, बूच माझ्या खिशात. डोलकाठी चहावाल्या माशीच्या छपराखाली बांधलेली असते (माशी म्हणजे मावशी, मला महिनाभर चुकीचं ऐकू येत होतं). प्रत्येक ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर भडक लाल रंगाचे पट्टे आणि कोरलेला नंबर. नंबराचे फोटो जपून ठेवलेत, तक्रार द्यायची वेळ आली तर लागतील.

आणि एका माझीला दरमहा ठरलेले पैसे देतो. कर्नलसाहेब यावर म्हणाले, "म्हणजे हप्ताच की रे." मला हे पटत नाही. जो त्रास देईल त्याला गप्प ठेवायला देतात तो हप्ता. मी त्याच्या माहितीचे पैसे देतो. बान येतो तेव्हा, म्हणजे भरतीची भिंतच्या भिंत नदीतून वर चढते तेव्हा, काठाच्या होड्या आपटून फुटतात, म्हणून माझी आधीच त्या मध्यावर नेतात. माझी होडी पाण्यात असली तर तीही नेतो. राखणदार रात्रभर जागा राहील, कॅमेरा सगळं टिपून ठेवील, पण बान किती वाजता येणार हे दोघांनाही ठाऊक नसतं.

घाटावरची पोरं होडी धुतात आणि बदल्यात चक्कर मारतात. त्यातल्या एकाने तरीही मागच्या फळीवर खिळ्याने आपलं नाव कोरलंच. दोन दिवस चिडलो, मग राहू दिलं. पैसे देऊनही गेल्या पावसाळ्यात एक नवी दोरी गेली, ती कुणी नेली ते घाटावर सगळ्यांना माहीत असावं, मला नाही. तेवढं सोसतो.

हे सगळं तिथेच चालतं जिथे माणसं आहेत. निर्जन खाडीत एकटी होडी ठेवायची असेल तर यातलं काही उपयोगाचं नाही, ट्रेलरवर घालून अंगणात आणा. पण सर, तुमच्या बंगल्याखाली खासगी धक्का आहे म्हणून होडी तिथे लावू नका. जिथे गावच्या मासेमारीच्या होड्या लागतात तिथे न्या, आधी विचारून, वर्दीचा रुबाब न दाखवता. दोरी उधाणाच्या हिशेबाने सैल ठेवा. आणि सुकाणू रोज घरी न्या. माझं गॅलरीत तुळशीच्या कुंडीमागे असतं, घरच्यांची कुरकुर चालू असते.