रसोपवास : लंघन की तर्पण?

गेल्या काही वर्षांत आपल्या चिकित्सालयांतून एक प्रश्न वारंवार कानी पडू लागला आहे. "डॉक्टरसाहेब, नऊ दिवस नुसत्या रसावर राहायचं ठरवलंय. अशक्तपणा येऊ नये म्हणून रसात काय घालू?" कोल्हारला भगवतीमातेचे नवरात्र जवळ आले की हा प्रश्न वाढतो, पुढे उन्हाळ्यात वजन कमी करू इच्छिणारी तरुण मंडळी तोच प्रश्न घेऊन येतात. प्रवराकाठचा हा भाग उसाचा आणि फळबागांचा. डाळिंब, पेरू, मोसंबी घरची. रसवंती रस्त्याच्या कडेला. त्यामुळे रसावर राहणे येथे सोपे वाटते, आणि रसात लाह्यांचे पीठ, शेंगदाण्याचे कूट, मध, प्रथिनांची भुकटी असे काहीबाही मिसळून तो 'पौष्टिक' करण्याकडे कल वाढला आहे.

या प्रश्नाला आपल्यापैकी प्रत्येक जण आपापल्या परीने उत्तर देतो. कोणी म्हणतो, काही घालू नका, उपवास मोडेल. कोणी दुकानातील डबा सुचवतो. माझे मत असे की, रसात काय घालावे हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा की, या रुग्णाला आपण लंघन देत आहोत की तर्पण? हा निर्णय न करता दिलेला रसोपवास धड लंघनही होत नाही आणि धड पोषणही करीत नाही.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात लंघनाचे दहा प्रकार सांगितले आहेत : चार प्रकारची संशुद्धी, पिपासा, वायू, आतप, पाचन, उपवास आणि व्यायाम. उपवास हा त्यांतील केवळ एक. त्याचा हेतू शरीरात लाघव आणणे, आमाचे पाचन करणे आणि अग्नी प्रदीप्त करणे हा आहे. या हेतूने पाहिले तर मोसंबीचा किंवा उसाचा गोड, शीत रस दिवसातून पाच वेळा पिणे हे लंघन कसे म्हणावे? उसाचा रस गुरू, शीत, कफकर व बृंहण आहे. सामावस्थेत तो देऊन आमपाचनाची अपेक्षा धरणे शास्त्राला धरून नाही. ज्याला खरोखर लंघन हवे आहे, त्याला एक ते तीन दिवस, बल पाहून, उष्णोदक, शुंठीसिद्ध जल किंवा लक्षणांनुसार षडंगोदक पुरेसे आहे. त्यात पौष्टिक काही घालण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण पोषण हा त्या उपक्रमाचा उद्देशच नव्हे.

याउलट जो रुग्ण तीन दिवसांपेक्षा अधिक काळ फळरसावर राहू इच्छितो, त्याच्या बाबतीत आपण लंघनाची भाषा सोडून तर्पणाची भाषा बोलावयास हवी. आणि येथे शास्त्र आपल्याला मोकळ्या हातांनी पाठवीत नाही. ज्वरचिकित्सेत पेया हा सामान्य क्रम सांगितल्यानंतर मदात्यय, नित्य मद्यपान, ग्रीष्म ऋतू, पित्तकफाचे आधिक्य, ऊर्ध्वग रक्तपित्त अशा अवस्थांमध्ये यवागू वर्ज्य करून तिच्या जागी लाजसक्तूंचे तर्पण सांगितले आहे. तेही ज्वरघ्न फळांच्या रसात, मध व शर्करा घालून. म्हणजे फळरसात लाह्यांचे पीठ मिसळण्याची युक्ती आजच्या एखाद्या कंपनीने शोधलेली नाही. संतर्पणीय अध्यायातील खजूर, मनुका, वृक्षाम्ल, चिंच, डाळिंब, फालसा व आवळा यांचा मंथही त्याच वाटेचा. मात्र ध्यानात घ्यावे, की या कल्पना विशिष्ट अवस्थेसाठी आहेत, सरसकट सर्वांसाठी नाहीत. आणि त्यांना आचार्यांनी उपवास म्हटलेले नाही.

उपवास आणि रस यांचे नाते महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३ असे एकवीस दिवसांचे उपोषण केले. प्रकृती चिंताजनक झाली तेव्हा पाण्यात मोसंबीचा रस मिसळून देण्यात आला. तो पोषणासाठी नव्हता. पाणी पोटात जावे व टिकावे एवढाच त्याचा हेतू होता. आपल्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी ऑगस्ट २०११ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर केलेले उपोषण २८ तारखेला नारळपाणी व मध घेऊन सुटले. या दोन्ही प्रसंगी वैद्यकीय देखरेख अहोरात्र होती. आपल्या रुग्णाजवळ ती नसते. तो घरी असतो, शेतावर जातो, मोटारसायकल चालवतो आणि त्याच्या रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या बहुधा चालूच असतात.

आता आधुनिक पोषणशास्त्राच्या दृष्टीने हिशेब मांडू. दिवसभरात एक लिटर मोसंबीचा रस घेतला तर साधारण ४०० उष्मांक मिळतात. प्रथिने ८ ग्रॅमच्या आतच राहतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ६० किलो वजनास सुमारे ५० ग्रॅम. ही तूट शरीर स्वतःच्या मांसधातूतून भरून काढते. चौथ्या-पाचव्या दिवशी वजनकाट्यावर दिसणारी घट पाहून रुग्ण हर्षित होतो, परंतु त्या घटीत पाणी व मांसधातूचा वाटा मोठा असतो. धातुक्षयाला लाघव समजण्याची ही गल्लत आपण तरी करू नये.

मग रसात काही घातल्याने ही तूट भरते का? काही अंशी भरते. पूर्ण भरत नाही. मी माझ्या रुग्णांसाठी वापरतो ती योजना येथे देतो. सकाळी व सायंकाळी डाळिंबाचा किंवा भिजवलेल्या मनुकांचा रस दीडशे मिली, तेवढेच पाणी, त्यात राजगिऱ्याच्या लाह्यांचे पीठ ३० ग्रॅम, चिमूटभर सैंधव आणि आवश्यक तर एक चमचा मध. व्रत नसेल तर राजगिऱ्याऐवजी साळीच्या लाह्या घ्याव्यात. त्या पचनास अधिक हलक्या, पण प्रथिने त्यांत कमी. दुपारी व रात्री ३० ग्रॅम मुगाच्या डाळीचे यूष, जिरे व सुंठ घालून. हे यूष गाळू नये, घोटावे. गाळले की प्रथिनांचा मोठा भाग चोथ्यासह टाकून दिला जातो. भोजनकाळी पाव लिटर दह्याचे लोणी काढलेले ताक. या सर्वांची बेरीज ३० ते ३५ ग्रॅम प्रथिनांपर्यंत जाते. म्हणजे इतके करूनही पन्नासाचा पल्ला गाठला जात नाही. म्हणूनच ही योजना तीन, फार तर पाच दिवसांची आहे. नवरात्राचे नऊ दिवस पाळावयाचे असतील तर एक वेळ भगर, राजगिऱ्याची भाकरी, भाजी व ताक असे उपवासाचे भोजन घ्यावे, असे मी स्पष्ट सांगतो.

व्रतस्थ रुग्णाला मूग चालत नाही, ही अडचण खरी आहे. त्याच्यासाठी शेंगदाण्याचे कूट हा पर्याय सुचतो, परंतु ते गुरू व स्निग्ध असल्याने मंदाग्नी व अम्लपित्ताच्या रुग्णास बाधते. राजगिरा व ताक यांवर भर द्यावा. साबुदाण्यात पिष्टमय भागावाचून फारसे काही नाही, हे रुग्णास समजावून सांगावे. भगरीचे सुटे, जुने पीठ टाळून अखंड भगर निवडून, धुऊन घरीच दळावी. उपवासाच्या काळात भगरीतून विषबाधा झाल्याच्या घटना राज्यात वारंवार घडल्या आहेत.

रसात द्रव्ये मिसळताना काही मर्यादा पाळणे अगत्याचे आहे. दूध व आंबट फळे यांचा संयोग विरुद्ध आहे. त्यामुळे मोसंबी किंवा डाळिंबाच्या रसात दुधाची भुकटी घालणे आपल्या शास्त्रात बसत नाही. मध उष्ण द्रवात घालू नये. ताक व फळरस एका वेळी देऊ नयेत. दोहोंत काही तासांचे अंतर ठेवावे. दुधीचा रस द्यावयाचा असेल तर प्रथम थेंबभर चाखून पाहावा आणि कडू लागल्यास सर्व रस फेकून द्यावा. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीच्या रसाने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर तज्ज्ञ समितीने याविषयी सावधगिरीच्या सूचना दिल्या. चव सुधारण्यासाठी दुधीच्या रसात आवळा, पुदिना, मध घालण्याची जी पद्धत पडली आहे, ती नेमकी हा कडवटपणा झाकते. पौष्टिकतेसाठी घातलेले द्रव्य धोक्याची खूण पुसून टाकते, हे येथे दिसते. पालकाच्या रसाचे पेलेच्या पेले पिणे अश्मरीच्या रुग्णास अपायकारक आहे, आणि वृक्कविकारात नारळपाणी व फळरस यांतील पोटॅशियम घातक ठरू शकते.

मधुमेहाचा रुग्ण हा सर्वांत मोठा चिंतेचा विषय. गतवर्षीच्या नवरात्रात पाचव्या दिवशी पहाटे एका मध्यमवयीन शेतकऱ्याला घाम, कंप आणि भ्रम अशा अवस्थेत माझ्याकडे आणले. साखर अत्यंत कमी झाली होती. आहार बंद, सायंकाळचा रस हुकलेला, आणि साखर उतरवणारी गोळी मात्र नेमाने चालू. कोणा दुकानदाराने 'ताकद राहील' म्हणून दिलेली भुकटी तो दिवसा रसात घालीत होता. गोळीविषयी त्याला कोणीही विचारले नव्हते. साखर देताच तो सावरला. अशा रुग्णाने आधी आपल्या चिकित्सकाशी बोलून गोळ्यांचे प्रमाण ठरवल्याशिवाय उपवास करू नये. मूत्रावाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या घेणाऱ्यांना उपवासात साखर फारशी न वाढताही कीटोअम्लतेचा धोका असतो, हेही ध्यानी असावे. गर्भिणी, स्तनदा माता, बालक, वृद्ध, क्षयग्रस्त व वातप्रधान दुर्बल रुग्ण यांना तर रसोपवास देऊच नये.

उपवास सोडणे हाही चिकित्सेचा भाग आहे. दीर्घ उपवासानंतर एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने उतरून हृदयावर परिणाम होऊ शकतो, हे आधुनिक वैद्यक सांगते. आपला संसर्जनक्रम पेया, विलेपी, यूष असा पायरीपायरीने जातो, त्यामागे हाच विवेक आहे. दहाव्या दिवशी पुरणपोळीने उपवास सोडणाऱ्याला हा क्रम लिहून द्यावा.

काही बंधूंचा आक्षेप असा की, एवढी बंधने सांगितली तर रुग्ण आपल्याकडे न येता परस्पर भ्रमणध्वनीवरील चित्रफिती पाहून उपवास करील. हा आक्षेप निराधार नाही. परंतु माझा अनुभव असा, की रुग्णाला नकार नको असतो, मार्ग हवा असतो. "उपवास करू नका" म्हटल्यास तो निघून जातो. "तीन दिवस असा करा, चौथ्या दिवशी दाखवायला या" म्हटल्यास बहुतेक जण परत येतात. त्या भेटीत सम्यक् लंघनाची लक्षणे पाहावीत : वात-मूत्र-पुरीषाचे योग्य विसर्जन, अंगाचे लाघव, उद्गारशुद्धी, भूक व तहान यांचा एकत्र उदय. पर्वभेद, मुखशोष, भूक नष्ट होणे, डोळ्यांपुढे अंधारी, मनाचा संभ्रम ही अतिलंघनाची लक्षणे दिसताच उपवास तेथेच थांबवावा, मग व्रताचे किती दिवस उरले आहेत याचा विचार करू नये.

औषधालयांच्या मालकांनाही दोन शब्द. सणासुदीच्या तोंडावर 'उपवास विशेष' व 'शरीरशुद्धी' अशा नावांचे डबे मांडणीवर येतात. विक्री हा आपला व्यवसाय आहे, त्यात गैर काही नाही. तथापि डब्यावरील घटक वाचून एका मात्रेत प्रथिने किती व साखर किती, हे ग्राहकास सांगता आले पाहिजे. मधुमेह व स्थूलता बरी करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींवर १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपाय कायद्याने बंदी आहे, आणि आयुर्वेद आहाराविषयीचे केंद्रीय विनियम २०२२ पासून अस्तित्वात आहेत. त्यापेक्षा राजगिऱ्याच्या व साळीच्या ताज्या लाह्यांचे पीठ, निवडलेल्या मनुका, सुंठ, सैंधव हीच द्रव्ये वजन करून, कृतीच्या चिठ्ठीसह दिली तर ग्राहकाचे पैसे वाचतील आणि आपला विश्वास वाढेल. गोळ्या चालू आहेत काय, एवढा एक प्रश्न विक्रीपूर्वी विचारण्याचा नेम ठेवावा.

संघटनेने येत्या नवरात्रापूर्वी रसोपवासाविषयी एक पानाची सूचनापत्रिका काढावी, अशी माझी विनंती आहे. तीत उपवास कोणी करू नये, किती दिवस करावा, रसात कोणते द्रव्य किती घालावे, केव्हा थांबवावे आणि कसा सोडावा, एवढे पाच मुद्दे पुरेसे आहेत. ती प्रत्येक चिकित्सालयात व औषधालयात लावली जावी. वर दिलेल्या प्रमाणांत ज्येष्ठ वैद्यांना काही फेरफार सुचत असतील तर ते अवश्य कळवावेत, म्हणजे पत्रिका सर्वांच्या अनुभवावर उभी राहील.