फ्री साइज

करोनाकाळात पीपीई किटाच्या पिशवीवर पुष्कळदा दोनच शब्द छापलेले असत : फ्री साइज. साडीला हे शब्द शोभतात, कारण साडी नेसणारीच्या अंगावरच आकार घेते. डोक्यापासून पायापर्यंत शिवून आलेल्या पोशाखाला फ्री साइज म्हणायचे, तर तो कोणाच्याच मापाचा नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो. २०२० च्या उन्हाळ्यात पाच फूट उंचीच्या परिचारिकेने असा पोशाख चढवला, की आधी पायांच्या घड्या घालायच्या, मग कमरेला चिकटपट्टीचा वेढा द्यायचा आणि पाठीवर मार्करने नाव लिहून घ्यायचे, कारण आतले माणूस ओळखू येत नसे. वाकताना शिवण उसवली, तर पुन्हा चिकटपट्टी. लघवीला जायचे म्हणजे किट उतरवायचे आणि उतरवले की ते फेकायचे. म्हणून कामाची पाळी सुरू होण्याआधी पाणी पिणेच बंद.

असे एक किट वॉर्डापर्यंत पोचताना किती हातांखालून जाते पाहा. मागणीपत्रावर वैद्यकीय अधीक्षकाची सही. तांत्रिक समितीची सही. लेखाधिकाऱ्याची सही. दर मान्य करणाऱ्याची सही. माल उतरवून घेणाऱ्या भांडारपालाची सही. एवढ्या सह्यांत एक सही कुठेच नसते. ज्या बाईला ते सहा तास अंगात घालून संसर्गाच्या खोलीत उभे राहायचे आहे, तिची.

करोनाकाळातल्या खरेदीबद्दल बोलताना सरकारवर नुसती टीका करणे सोपे आहे, पण ते पुरते न्याय्य होणार नाही. देशातला पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळात आढळला आणि दुसऱ्याच दिवशी केंद्राने संरक्षक साधनांची निर्यात थांबवली. इथवर चपळाई होती. मग आठवडा उलटत नाही तोच, ८ फेब्रुवारीला, शस्त्रक्रियेचे मास्क आणि काही हातमोज्यांची निर्यात पुन्हा मोकळी झाली. मार्चच्या मध्यावर मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली आले आणि १९ मार्चला निर्यातबंदी पुन्हा आवळली गेली. मार्च संपेपर्यंत कोलकात्यात डॉक्टरांच्या हाती रेनकोट पडले होते आणि हरियाणात कोणी मोटारसायकलचे हेल्मेट घालून रुग्ण तपासत होते. हे सारे तेव्हाच जगभर छापून आले. ८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने रुग्णसेवकांना संरक्षक साधने पुरवा, असे सरकारला बजावले. ती याचिका नागपूरच्या एका डॉक्टराची होती. डॉक्टराला हातमोजे, मास्क आणि झग्यासाठी दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, यातच खरेदीव्यवस्थेचा प्रगतिअहवाल आला.

आणि तरीही पुढच्या काही आठवड्यांत जे घडले ते थोडे नव्हते. ज्या देशात असा अंगभर पोशाख जवळजवळ बनतच नव्हता, तिथे मे महिन्यात रोज काही लाख पोशाख शिवून होऊ लागले. केंद्रासाठी एचएलएल लाइफकेअर या सरकारी कंपनीकडे खरेदीचे काम होते. कोइमतूरची वस्त्रसंशोधन संस्था आणि ग्वाल्हेरची संरक्षण प्रयोगशाळा नमुने तपासत होत्या. कृत्रिम रक्त ठराविक दाबाने कापडावर सोडायचे आणि ते आत झिरपते का पाहायचे. शिवणीच्या सुईची भोके गरम पट्टीने बुजवलेली आहेत का, तेही पाहायचे. परदेशातून आलेला बराच माल या तपासणीत नापास झाला. तपासणी झाली नसती, तर तोच माल कोणाच्या तरी अंगावर गेला असता. हे श्रेय द्यायलाच हवे.

पण ही तपासणी कापडाची होती, घालणाऱ्याची नव्हती. कापड पास झाले की पोशाख पास झाला, असे धरले गेले. पोशाखाचे काम माणसाच्या अंगावर सुरू होते आणि तिथे मापाला कापडाइतकीच किंमत आहे. एन-९५ मास्कचेच घ्या. हवेतल्या ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी किमान ९५ टक्के कण तो गाळतो, म्हणून हे नाव. हा आकडा मास्कमधून जाणाऱ्या हवेचा आहे. गालाशी फट राहिली, तर हवा मास्कमधून जातच नाही, फटीतून जाते आणि ९५ चा आकडा खोक्यावरच राहतो. त्यासाठी एक साधी चाचणी असते. मास्क लावलेल्या माणसाच्या डोक्यावर एक टोप बसवायचा आणि आत गोड किंवा कडू चवीचा फवारा मारायचा. चव लागली, तर मास्क त्या चेहऱ्याचा नाही, दुसरा आकार द्यायचा. ही चाचणी कुठल्या जिल्हा रुग्णालयात नेमाने होते, असे कोणी सांगितले, तर आम्ही त्याचा जाहीर सत्कार करू.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगातल्या आरोग्यकर्मींपैकी साधारण ७० टक्के स्त्रिया आहेत. आपल्याकडे परिचारिका बहुतेक स्त्रियाच आणि आशा सेविका तर सगळ्याच. तरी ‘मोठा’ आणि ‘अतिमोठा’ एवढीच मापे मागवून आपण मोकळे होतो. त्यातही एक हिशेब आहे. मोठ्या मापात लहान माणूस मावतो, लहान मापात मोठा मावत नाही. गोदामाच्या दृष्टीने हे शहाणपणच. पण बोटांच्या टोकाशी लोंबणाऱ्या हातमोज्याने बाळाच्या हाताची शीर शोधून दाखवा म्हटले, की या शहाणपणाचे काय होते, ते वॉर्डातल्या सिस्टरला विचारावे.

याचे मूळ एल-वन नावाच्या दैवतात आहे. निविदेचे दोन लिफाफे असतात, तांत्रिक आणि आर्थिक. तांत्रिक लिफाफ्यात पास झालेल्यांपैकी सर्वांत कमी दर भरणारा तो एल-वन. काम त्याचे. नियम वाईट नाही. सरकारी पैशाला पाय फुटू नयेत, म्हणूनच तो आहे. पण कमी दराचा हा पहारा कशावर उभा असतो? निविदेत जे लिहिले आहे, तेवढ्यावरच. मापांचे प्रमाण लिहिले नसेल, तर ‘फ्री साइज’ हाच सर्वांत स्वस्त पोशाख ठरतो. किती तास घालून काम करता येईल, हे लिहिले नसेल, तर सर्वांत उकाड्याचे कापड जिंकते. पुरवठादाराने फसवलेले नसते. आपण जे विचारले, त्याचेच उत्तर त्याने दिलेले असते.

आणि आणीबाणीत हेच दैवत एका रात्रीत देव्हाऱ्याबाहेर निघते. केरळच्या वैद्यकीय सेवा महामंडळाने मार्च २०२० च्या अखेरीस एका पुरवठादाराकडून ५५० रुपयांना पीपीई किट घेतले आणि दोनच दिवसांत दुसऱ्याकडून १,५५० रुपयांना. पुढे महालेखापरीक्षकांनी यावर ताशेरे ओढले. त्याच वर्षी हिमाचल प्रदेशात खरेदीतल्या लाचेच्या संशयावरून आरोग्य संचालकांना अटक झाली आणि सत्ताधारी पक्षाच्या प्रदेशाध्यक्षांना पद सोडावे लागले. महाराष्ट्रात एन-९५ चे दर १९ ते ४९ रुपयांत बांधायला २०२० चा ऑक्टोबर उजाडला. तोवर लोकांनी त्याचे काय काय मोजले, ते प्रत्येकाला आठवत असेल. शांततेच्या काळात सर्वांत स्वस्त ते घ्यायचे आणि संकटात मिळेल त्या भावाने. दोन्ही वेळा चर्चा दराचीच. घालणारी दोन्ही वेळा खोलीबाहेर.

महाराष्ट्राने खरेदीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून करोनाआधीच तिचे घर बदलून पाहिले. २०१७ पासून सरकारी रुग्णालयांची खरेदी हाफकिन जीव-औषध महामंडळाकडे गेली. लस आणि औषध बनवण्याचा वारसा असलेल्या संस्थेच्या माथी निविदांचे ओझे आले आणि विलंबाच्या तक्रारी वाढल्या. मग २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सीमेवर नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. औषधे होती की नव्हती, यावर वाद रंगला. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा या नव्या प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य अधिकारी नेमण्याचाही विषय निघाला. तमिळनाडूने आपले महामंडळ १९९४ मध्येच उभे केले आणि खरेदीबरोबर गोदामे व साठ्याची नोंद यांची घडी बसवली. आपण पाटी बदलण्यात पटाईत. घडी बसवायची म्हटली, की पुढच्या अधिवेशनाची वाट पाहतो.

हे सगळे करोनाबरोबर संपले, असे कोणी समजू नये. मुंबईत शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात कर्मचाऱ्यांनाच क्षयाची लागण झाल्याच्या आणि त्यांत काहींचे प्राण गेल्याच्या बातम्या करोनाच्या कितीतरी आधीपासून येत होत्या. क्षयाचे जंतू हवेतूनच पसरतात, तिथेही मास्क गालाला चिकटूनच बसावा लागतो. पण क्षयाला टाळेबंदी नसते, थाळ्याही नसतात. आणि संरक्षक साधने मिळणाऱ्यांच्या यादीत शेवटी कोण येते? कंत्राटी सफाई कामगार, वापरलेल्या सुया आणि पिशव्या उचलणारा, शवागारात काम करणारा, दारोदार फिरणारी आशा. मागणीपत्र मंजूर पदांवरून निघाले, की ही माणसे पटावर नाहीत म्हणून मोजदादीत नाहीत. जंतूला मात्र कंत्राटी आणि कायम यांतला फरक कळत नाही.

मार्च २०२० मध्ये केंद्राने करोनाशी लढणाऱ्या आरोग्यकर्मींसाठी ५० लाखांचे विमाकवच जाहीर केले. आशांनाही त्यात घेतले. ते योग्यच झाले. पण मेल्यावर ५० लाख आणि जिवंतपणी मापाचा हातमोजा नाही, हा हिशेब कोणत्याही लेखापरीक्षकाला खटकायला हवा.

मग करायचे काय? अवघड असे काहीच नाही. निविदेत लहान, मध्यम, मोठा या मापांचे प्रमाण कर्मचाऱ्यांची मापे घेऊन ठरवावे. आर्थिक लिफाफा उघडण्याआधी नमुना चार-सहा प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी पूर्ण पाळीभर घालून पाहावा आणि त्यांनी नापास केलेला माल दर कितीही कमी असला, तरी बाद व्हावा. संकटासाठीचा साठा गोदामात मुदत संपेपर्यंत झाकून न ठेवता रोजच्या वापरातून फिरता ठेवावा. यासाठी नवे प्राधिकरण लागत नाही आणि नवा कायदाही लागत नाही. शालेय गणवेशाचे उदाहरण ताजे आहे. २०२४-२५ मध्ये राज्यभराचे कापड एकत्र घेण्याचा प्रयोग झाला. गणवेश वेळेवर मिळेनात आणि मिळाले ते मापात बसेनात. अखेर सरकारने तो अधिकार शाळा व्यवस्थापन समित्यांना परत दिला. मुलांच्या अंगावर कळलेली गोष्ट सिस्टरच्या अंगावर कळायला काय हरकत आहे?

हाफकिन या नावाचीच एक आठवण इथे उपयोगी पडावी. मुंबईत प्लेग थैमान घालत असताना १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिनने आपली नवी लस पहिल्यांदा स्वतःच्या अंगात टोचून घेतली. लोकांना द्यायची ती आधी स्वतः घेऊन पाहायची, एवढाच त्यामागचा विचार होता. त्याच्या नावाच्या संस्थेने काही वर्षे राज्यासाठी खरेदी केली. ती खरेदी आता दुसऱ्या पाटीखाली होते. विचार मात्र सोबत न्यायला हरकत नव्हती. तेवढे धाडस खरेदी समितीकडून कोणी मागत नाही. माल स्वीकारल्याच्या पावतीवर फक्त एक रकाना वाढवावा : ‘घालून पाहिले’. आणि त्यापुढची सही वॉर्डातल्या सिस्टरची असावी.